रकाना सात

मस्कारेन्हस सर म्हणतात, ब्रुन्वा म्हणजे तीन मिलिमीटर.
चारही बाजूंनी तीन. एक गाजर, दहा मिनिटं.
घरी येऊन बाबांना दाखवलं.
त्यांनी एक तुकडा चष्म्याजवळ धरला.
"हा आठ पॉइंट," म्हणाले,
"पत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली लावायचो तो."
गिरगावातला छापखाना बंद झाला
तेव्हा त्यांच्या बोटांना जुळवायला काही उरलं नाही,
म्हणून ती कोथिंबीर निवडायला लागली.

रात्री साडेनऊला आम्ही स्पर्धा बघतो.
अभ्युदयनगर, दुसरा मजला, आवाज बारीक,
कारण मुणगेकरांची मुलगी सीएला बसलीय.
पडद्यावर साठ मिनिटं उलटी मोजतात,
ढोल वाजतात, कुणाचं तरी सूफ्ले खाली बसतं,
आणि बाबा दर वेळी तेच विचारतात,
"यांची भांडी कोण घासतं?"

आमच्याकडे घड्याळ नळाला आहे.
पाच पस्तीस ते सहा वीस.
तेवढ्यात पिंप, कळशी, वालांची सालं,
तांदळाचं धुवण खिडकीतल्या कढीपत्त्याला.
शेवटच्या मिनिटाला ढोल वाजत नाहीत,
नळ खोकतो.

परीक्षक आई.
नायरमधली रात्रपाळी संपवून सव्वाआठला येते,
ओट्याला टेकून उभ्यानंच खाते,
सुजल्या पायांवरचं वजन इकडून तिकडे करत.
शेरा एकच, "मीठ."
नाहीतर काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे पैकीच्या पैकी,
हे कळायला मला अठरा वर्षं लागली.

एकदा मी घरी प्लेटिंग केलं.
सुकटीची चटणी चमच्याच्या पाठीनं ओढून
पांढऱ्या ताटलीत धूमकेतू काढला,
वर भाकरीचा छोटा गोल, वाटीनं कापलेला.
बाबांनी आधी उरलेली कातरणं संपवली,
मग एका घासात धूमकेतू पुसला
आणि म्हणाले,
"छान. आता वाढ."

मी नाक मुरडत नाही हं स्पर्धेला.
तो वर्ध्याचा मुलगा बोट भाजलेलं असताना
पुरी उलटायचा थांबला नाही,
तेव्हा आम्ही दोघांनी श्वास रोखला होता.
मला तो ॲप्रन हवाय. नावासकट.

फॉर्म आला. रकाना सात:
'तुमच्या जेवणामागची कहाणी, शंभर शब्दांत.'
यास्मिन परकार म्हणाली, रडू येईल असं लिही,
कॅमेरा जवळ येतो.
बंद छापखाना आहे ना तुझ्याकडे, तो टाक.
टाकला. आईचे पायही टाकले.
अठ्ठ्याण्णव शब्द, प्रत्येक खरा,
आणि वाचताना चव लागत होती
पाकिटातल्या आलं-लसणाची.

कारण त्यात हे नव्हतं की
बाबा काही थोर स्वयंपाकी नाहीत.
गुरुवारी वरण करपतं,
गुरुवारी रद्दीवाला येतो,
आणि बाबा काट्यावरून त्याच्याशी भांडायला खाली उतरतात.
करपलेल्या वरणाला शंभर शब्द लागत नाहीत.
आम्ही वरचं वरचं घेतो, लिंबू पिळतो.

पहाटे, पाण्याची वाट बघत,
बाबांनी फॉर्म वाचायला घेतला. प्रुफं वाचतात तसा,
कानावर पेन्सिल, ओठ किंचित हलते.
रकाना सातवर त्यांनी काहीच म्हटलं नाही.
रकाना आठवर अडले:
'आपले आवडते व्यंजन.'
"व्यंजन?" बाबा म्हणाले, "ळ लिही."
मी हसले. ते हसत नव्हते.
"खरंच. तो खिळा कायम कमी पडायचा.
गौऱ्या बसल्या की समोरच्या छापखान्यातून उसना आणायचो.
त्याच्याशिवाय काय शिजतं आपल्यात?
डाळ नाही, तांदूळ नाही,
तीळ, नारळ, कोहळा, जायफळ…"

पिंपाच्या तळाशी पहिली धार वाजली.

"नळ," म्हणाले,
आणि माझ्या हातात फॉर्म देऊन
कळशी घ्यायला उठले.