नेम

पहिल्या तारखेला ढमढेरे डबा उघडतात.
बालेवाडीची रेंज, शेवटच्या लेनमागची भिंत,
खिळ्याला टांगलेला लाल पत्र्याचा डबा.
चष्मा कपाळावर, वही मांडीवर,
एकेक वस्तू हजेरी घेतल्यासारखी बाहेर:
कात्री. हातमोजे, जोड चार.
गॉझची घट्ट घडी. छातीवर चिकटवायचं सील.
आणि काळी आवळपट्टी, तिला आडवी दांडी.
तारखा वाचतात, ओठ हलवत.
मुदत संपलेलं टाकत नाहीत,
आम्हाला शिकवायला ठेवतात.

खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलात एकतीस वर्षं काढलेला माणूस.
बंदूक हातात घेत नाही कधी.
कुणी म्हणालं, काका, डोकं दुखतंय, गोळी आहे का त्यात,
तर म्हणतात,
ह्या डब्यात गोळी नसते.
हा डबा गोळीनंतरचा.

आम्ही हसायचो.
सात वर्षांत रेंजवर सांडलेलं एकूण रक्त
म्हणजे पारखींचा अंगठा, बोल्टमध्ये चिमटलेला.
तरी दर रविवारी, नेमबाजी संपली की
ढमढेऱ्यांचा नेम सुरू:
एका हातानं बांध. दुसऱ्या हातानं बांध.
डोळे मिटून बांध.
दुखेपर्यंत नाही गं, थांबेपर्यंत पिळ.
आणि वेळ लिही.
वेळ नाही लिहिलीस तर अर्धंच बांधलंस.

मग म्हणाले, प्रत्येकानं स्वतःची थैली घ्या,
रायफलच्या पेटीत ठेवा.
बत्तीसशे रुपये.
एवढ्यात काडतुसांचे किती डबे आले असते, मी हिशेब केला,
आणि पावती मागितली.

तो मंगळवार. सूस रोड, ग्रिलचं दुकान,
पत्र्यावर ठिणग्या उडताना पाहत मी सिग्नलला उभी.
ठिणग्या थांबल्या.
ग्राइंडरची चकती फुटून
पोराच्या मांडीत गेली होती.
लोक धावले, हळद घेऊन, फडकं घेऊन,
एक जण मोबाइल उंच धरून.
रक्त फरशीवरून उताराला लागलं होतं,
घाईत नव्हतं,
त्याला रस्ता माहीत असल्यासारखं.

पेटी कधी उघडली, आठवत नाही.
हात माझे होते, आवाज त्यांचा.
जखमेच्या वर. पँटवरूनच. ओढ. पिळ.
पोरगं ओरडलं, सोडा, ताई, सोडा,
मी आणखी एक वेढा दिला.
नाव सांग, म्हटलं. तौफिक. कुठला? परळी.
घरी कोण? त्यानं सगळ्यांची नावं घेतली,
शेळीचंसुद्धा.
उतारावरचं रक्त जिथं होतं तिथंच राहिलं.
मार्कर चालेना.
दोनदा माझ्या मनगटावर रेघोट्या मारल्या,
मग पट्टीवर उमटलं: ६.४२.

अँब्युलन्समधल्या मुलीनं आधी तेच वाचलं,
मग त्याच्याकडे पाहिलं.

रविवारी सांगितलं.
शाबास वगैरे काही नाही.
वेळ लिहिलीस?
लिहिली.
किती?
त्यांनी वही काढली, रकाने आखलेली.
आवळपट्टी, नग एक.
कारणाच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं,
मग तिथं नुसतं ६.४२ लिहिलं
आणि खाली रेघ मारली.

त्या दिवशी मी फार वाईट मारलं.
सात, सहा, आठ, एक तर कागदाबाहेरच.
ट्रिगरवरचं बोट
कुणाची तरी नाडी शोधत होतं.
दुर्बिणीतून त्यांनी पाहिलं असणार.
जाताना माझ्या पेटीत नवी थैली होती,
वेष्टन सोलून, पट्टी ओढायला तयार दुमडून.

पावती मागायला मागे वळले,
तर ते खिळ्यावर डबा सरळ करत होते,
जरा डावीकडे, जरा उजवीकडे,
नेम धरावा तसा एक डोळा मिटून.