पाठ क्रमांक सात

निरीक्षणवहीत मीच लिहिलं होतं
लाल शाईत, जेवणाच्या सुट्टीआधी घाईत:
आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.
इयत्ता सहावी. बाष्पीभवन.
दहापैकी चार.

आज वाशीच्या सभागृहात
उत्कृष्ट माजी विद्यार्थी म्हणून
विशाखा मढवी हे नाव पुकारलं,
तेव्हा दिवाळे गावाहून आलेली तिची आई
पदर सावरत अर्धवट उठली, परत बसली.

शाल, श्रीफळ,
आडनावात एक काना जास्त पडलेलं स्मृतिचिन्ह.
निवेदकाने माईक तिच्या उंचीला आणला.
ती बोललीच नाही.
सगळं टेबलावर ठेवून तिने हात मोकळे केले
आणि बोटांनी काहीतरी सांगितलं
शेवटच्या रांगेला,
जिथे तुर्भ्याच्या शाळेतली तिची अकरा मुलं
इस्त्रीच्या गणवेशात बसली होती.

मुलं खदखदली.
आम्हा प्राध्यापकांना काही कळेना.
आमच्याबद्दलच असेल, कोण जाणे.
मग बावीस हात वर गेले
आणि हवेत थरथरत राहिले.
या टाळ्या आहेत, शेजारचे कुजबुजले.

पार्किंगमध्ये किल्ली शोधताना आठवलं,
त्या दिवशी मागच्या बाकावर
मी एकटाच होतो.