त्र

जांभळी नाक्यामागं टिपणिसांचा छापखाना.
एक ट्रेडल, चार केसेस, आणि मी,
एकोणीस वर्षांचा, उलटं वाचायला नुकता शिकलेला.

त्या दुपारी ओव्हाळ वकील जिना चढून आले.
घटनेच्या कुठल्याशा पोटसमितीत
स्वल्पविरामांसाठी भांडलेला माणूस.
आता राजीनामा दिलेला. कोटाला एक बटण कमी.
हातात सोळा पानं: परराष्ट्र धोरण, एक हिशेब.

मी जुळवत गेलो.
'रुपयातले आठ आणे बंदुकीला.
उरलेल्या आठात शाळा, धरण, दूध.
शांततेची कबुतरं उडवलीत, बरं केलंत.
त्यांचा दाणा कुठल्या खात्यात धरलाय?'

पाचव्या पानावर त्र संपला.
मित्र, मित्र, मित्रराष्ट्र, शत्रू, पुन्हा मित्र...
सगळे खिळे स्टिकमध्ये जाऊन बसलेले,
घर रिकामं. मुंबईहून नवे यायला आठवडा.

वकिलांनी चष्मा पुसला.
"मित्र काढ. तिथं गिऱ्हाईक बसव.
शत्रू असेल तिथं शेजारी.
वाक्य मोडतंय का बघ."
मोडलं नाही.
दोन ठिकाणी तर सरळ झालं.

टिपणीस गल्ल्यावरून हसले,
"वकीलसाहेब, देश म्हणजे काय किराणा दुकान?"
"वाण्याला निदान ठाऊक असतं हो, कोणाकडं किती थकलंय.
आपण जगाच्या भांडणात पंच,
आणि आपल्या बाजूनं हात वर करायला कोणी नाही.
हा चेंदणीचा कोळी बघा,
भरतीशी दोस्ती करत नाही.
तिची वेळ पाठ ठेवतो, होडीची भोकं बुजवतो."

मग माझ्याकडं बघत, आवाज उतरवून:
"आमच्या वस्तीनं गावाच्या चांगुलपणावर दिवस काढलेत.
चांगुलपणा म्हणजे धोरण नव्हे,
हे आम्हांला विहिरीच्या काठावर कळलं, दिल्लीत नाही."

मोकळे झालेले खिळे मी पुढं स्वतंत्रला लावले.
त्याला त्यांनी दुसरा शब्द दिला नाही.
तरी शेवटच्या पानावर एक कमी पडला.
रात्र झालेली, दिवा मिणमिणता,
मी गुपचूप ञ ठोकला. स्वतंञ.
कोण बघतंय.

दोनशे प्रती.
चाळीसेक खपल्या, बाकीच्यांच्या पुड्या
मासुंद्याच्या काठी, शेंगदाण्यांच्या.
पण त्याआधी दोन दिवस ते स्टुलावर बसून होते,
बोरू आणि काळी शाई घेऊन,
एकेक प्रत उघडून
तेवढंच अक्षर
हातानं नीट करत.