कारण, एका ओळीत

कारुआरूच्या बाजारपेठेत, फ्रिज-टीव्हीच्या दुकानात,
मागच्या बाजूला पंख्याखाली माझं टेबल.
अर्जात एक रकाना असतो : कर्जाचं कारण.
लांबी बोटभर.
एकवीस वर्षं मी त्यात लिहीत आलेय
'घरगुती'.

दोना इव्होनेते पहिल्यांदा आली तेव्हा
तिला जीन्स शिवायचं यंत्र हवं होतं.
त्या वर्षी किमान वेतन वाढलं होतं
आणि तिच्या नवऱ्याला आयुष्यात प्रथमच
छापील पगारचिठ्ठी मिळाली होती.
पिशवीतून पिशवी, त्यातून रुमाल,
रुमालातून ती चिठ्ठी काढली तिने
बाळाच्या जावळासारखी.
चोवीस हप्ते. मी शिक्का मारला.

मग कुठल्याशा थंड देशात व्याज उतरलं.
रेडिओवर ऐकलं, पण माझा काय संबंध?
तिथले पैसे बसून कंटाळले असावेत,
समुद्र ओलांडून आले आमच्याकडे, उन्हाला.
साहेब म्हणाले, चौकशा कमी करा.
चोवीसाचे छत्तीस झाले, छत्तीसाचे अठ्ठेचाळीस.
माणसं तीच होती. त्यांच्या गरजाही त्याच.
मला मात्र चाकांची खुर्ची मिळाली.

गल्लीत एकाकडे फ्रिज आला
की शेजारच्याला आपलं पाणी कोमट लागतं.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल;
पण गादीही आमच्याकडेच मिळते, बारा हप्त्यांत,
आणि पोरांचे पाय तर रोज वाढतात.

सेउ व्हाल्दोमिरोंची पेन्शन
आता हातात यायच्या आधीच कापली जाते :
नातवाची मोटरसायकल.
नातू साओ पावलोला गेला. मोटरसायकल विकून.
म्हातारा दर महिन्याला येतो,
किती उरलंय विचारतो, आणि गार पाणी पितो
विकायला ठेवलेल्या फ्रिजमधलं.

डॉलर चढला त्या जूनमध्ये
सणाच्या शेकोट्या नेहमीसारख्याच पेटल्या.
नवे कपडे, मक्याची खीर, ऋण काढून सण.
जुलैत कारखान्याने दुसरी पाळी बंद केली.
ऑगस्टमध्ये इव्होनेते पुन्हा समोर.
मागचे हप्ते फेडायला पुढचं कर्ज.
या वेळी पिशवी नव्हती.
मी लिहिलं, 'घरगुती'.

मुख्य कचेरीतून तेर्सियो नावाचा पोरगा आला,
पडद्यावर रेघा दाखवल्या :
उत्पन्न, व्याज, बाहेरचा पैसा,
आणि एक हिरवी रेघ, 'विश्वास'.
मी विचारलं, कुणाचा कुणावर?
त्याने कॉफीत आणखी साखर घातली.

काल मी माझाच अर्ज भरला.
कारण : पोरगी नर्सिंगला जाते, बस पहाटे चारला निघते,
तिथे खोली घ्यायची आहे.
संगणकाने नाकारलं. अक्षरं जास्त झाली.
मी पंखा वाढवला,
खोडत खोडत पहिल्या शब्दापर्यंत आले.
'पोरगी' एवढंच उरलं.
तेही यादीत नव्हतं.