अंगण वाकडं

माझी नेमणूक सहा नंबरच्या दालनात.
एक खुर्ची, एक शाल
आणि "हात लावू नका" म्हणण्याचा पगार.
तिबिलिसीच्या या म्युझियममध्ये एकोणीस वर्षं
मी एवढंच म्हणत आले.

मार्चमध्ये ट्रकमधून घर आलं.
घर म्हणजे एक खोली: फळ्यांची जमीन, दाराची चौकट,
लोखंडी पलंग, काचेचं कपाट,
आणि खिळ्यासकट, मिशीसकट, लग्नातला नवरा.
बरोबर तेओना नावाची पोरगी,
ओठांत स्क्रू धरून सुतारांवर ओरडणारी:
"सरळ करू नका! साडेचार अंश.
त्सिउरीबाईंकडे होतं तेवढंच, कमी नाही, जास्त नाही."
म्हातारा सुतार दोनदा बाहेर जाऊन सिगरेट ओढून आला.
आयुष्यभर ओळंबा धरलेला हात
ऐकत नव्हता त्याचा.

गाव डोंगरात, मँगनीजच्या खाणीवर.
खालून उपसत गेले,
वरून गाव बसत गेलं.
कंपनीचा माणूस आला, भिंतीच्या भेगेत बोट घातलं, म्हणाला,
जुनं काम आहे. तुम्हाला बांधताच येत नाही.
नाचता येईना, दुसरं काय.
त्सिउरी म्हणाली, अंगणात तरी या.
तो गेला नाही.
बूट चांगले होते त्याचे.

उद्घाटनाला उपमंत्री.
आत पाऊल टाकलं आणि पलंगाचा दांडा धरला.
टेबलावर सात ग्लास, टेबलाइतकेच तिरपे,
आत वाइन
सरळ.
ती कुणाच्या बाजूनं कलली नव्हती.
उपमंत्री फोटोग्राफरकडे बघत होते.
दुसऱ्या दिवशीच्या पेपरात
खोली सरळ आली,
साहेब कललेले.

मग फोन आला. कुठून ते मला कोण सांगणार.
दाराशेजारच्या माहितीच्या पाटीवर
'खाण' या शब्दावर पांढरी पट्टी लावायची होती.
मी लावली.
खोटं कशाला बोलू, नखानं कडा दाबून नीट लावली.
तेओना आली, पाहिलं, मला काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

पोरं यायची, अक्रोड घरंगळत सोडायची.
टाय लावलेला एकजण तासभर उभा राहून
वहीत 'अवकाश' हा शब्द लिहून गेला.
बायका भिंत धरून चालायच्या
आणि बाहेर आल्यावर हसायच्या,
बोटीतून उतरल्यासारख्या.

मे महिन्यात, मंगळवारी, गर्दी नसताना
काळ्या रुमालातली एक बाई आली.
तिकीट काढून.
कशालाच न धरता आत गेली,
ट्रे उचलला, सात ग्लास,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत,
आणि ठेवला.
थेंब सांडला नाही.
मग माझ्याकडे यायला निघाली
आणि आमच्या गुळगुळीत, सपाट, संगमरवरी कॉरिडॉरमध्ये
अडखळली.
"इथली जमीन कशी आहे गं?" तिनं विचारलं.
मी हात दिला. "लामारा," मी म्हटलं, उगाच,
जणू नावानं तोल सावरतो.

पुन्हा आत गेली.
नवऱ्याच्या तसबिरीपाशी थांबली.
भिंत कललेली, तसबीर नुसती लोंबती,
म्हणून तीच वाकडी दिसत होती.
त्सिउरीनं हात उचलला.
माझ्या तोंडात ते वाक्य आलं, एकोणीस वर्षांच्या सवयीनं,
आणि दातांपाशी थांबलं.

तिनं दोन बोटांनी चौकट ढकलली,
भिंतीबरोबर केली.
"रोज सकाळी करायचे," म्हणाली.
बोटं काढली.

नवरा हळूहळू, मिशीसकट,
परत आपल्या जागी आला.
मी माझी खुर्ची आत ओढली तिच्यासाठी,
ती घसरू नये म्हणून पाटीवरची पट्टी काढून,
चौपदरी घडी करून, एका पायाखाली घातली.
पुरली नाही.
पण बसली ती.