हिरवा

वॅलेन्सियाहून संत्र्याची मशीन आली
शेंदुरजनाघाटाले,
सोबत तीनशे पानांचं पुस्तक, अक्षर न् अक्षर स्पॅनिश.
मालक म्हणे, दिगांबर, फिटर तू. वाच.

एक्कावन्न वर्षांची जीभ.
गालात खर्‍याची जागा ठरलेली,
तिथं आता शब्द ठेवतो
न् दिवसभर चघळतो.

घरात डब्याडब्यावर चिठ्ठ्या.
मिठावर लिहिलं : साल.
वच्छला म्हणे, साली फेकाच्या सोडून
डब्यात काहून भरता?

एका र चा पेरो म्हणजे ‘पण’,
थरथरत्या र चा, कुत्रा.
मोबाइलातल्या बाईसमोर पोरगा अडकला तिथंच.
मी जन्मभर बैलामागं जीभ घुमवलेली,
माझा र पहिल्याच दिवशी निघाला.

नारान्हा : नारंगी.
इकडूनच गेला असंल कधी हा शब्द,
घसा बसून परत आला.

फसलो ते ‘आहे’ पाशी.
त्यांच्याकडं दोन.
संत्रा ‘एस’ वेर्दे : रंगच हिरवा त्याचा.
संत्रा ‘एस्ता’ वेर्दे : कच्चा आहे, थांबा थोडं.
आपण एकाच ‘आहे’त दोन्ही उरकतो
न् मग माणसावरही तोच शिक्का मारतो.

आंबियाच्या ऐन तोडणीत पट्टा थांबला.
बाहेर बारा गाड्या उभ्या.
व्हिडिओवर तिकडचा मिस्त्री, पांढर्‍या मिशांचा,
किती येतं म्हणून विचारत होता बहुतेक.

एस्तोय वेर्दे, म्हटलं.

तो हसला,
खुर्ची पुढं ओढली,
न् हळू बोलू लागला.