शेगडी कुठे ठेवायची

मालुतीच्या डोंगरांत जूनमध्ये बर्फ पडतो.
आमच्या शाळेला खोल्या चार, शेगडी एक.
मागचे मुख्याध्यापक असते
तर प्रश्नच नव्हता: ती त्यांच्या ऑफिसात असायची,
आणि आम्ही सहीच्या निमित्तानं
हात शेकून यायचो.

मालिकेलेदी बाई नव्या.
पहिल्याच सोमवारी त्यांनी पित्सो बोलावलं,
गावचा मुखिया माळावर बोलावतो तसं,
पण यात पहिलीतली पोरंही,
आणि मक्याची उकड ढवळणाऱ्या माम्पोई मावशीही.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
इथे एकशे बारा तोंडं.
मी मनात म्हटलं, झालं, आज पाढे बुडाले.

सातवीची परीक्षा आहे, सातवीला द्या, मी म्हणालो.
पहिलीची नाकं वाहतात, पहिलीला, म्हणाली खाउहेलो,
जिचं स्वतःचंच वाहत होतं.
बाई गप्प. फळ्यावर नुसतं लिहीत होत्या
ज्याचं त्याचं म्हणणं, नावासकट,
माझ्या नावाखाली, तेवढ्याच जाड अक्षरात,
त्या सहा वर्षांच्या पोरीचं.
मला ते लागलं. खोटं कशाला बोलू.

मग त्सेकिसो उठला, चौथीतला,
पहाटे मेंढ्या हाकून येणारा.
म्हणाला, आम्हाला नको,
घोंगड्यांना द्या.
ओलं घोंगडं दुपारपर्यंत अंगावरच गोठतं.
पडवीत ठेवा, म्हणजे येता-जाता सगळे
पुढचं त्याला सुचलं नाही. बसला.

खडे टाकले. पडवीला पांढरा, सातवीला काळा.
डबा ओतल्यावर बाई हसून म्हणाल्या,
माझाही काळाच होता,
आणि धुराड्याचं एक टोक त्यांनी खांद्यावर घेतलं.
दुसरं मला घ्यावं लागलं.

आठ दिवसांत वारा फिरला.
धूर थेट वर्गात, पोरं खोकून बेजार.
मी टपूनच होतो 'बघा' म्हणायला.
बाई म्हणाल्या, चुकलं आपलं.
आपलं, म्हणाल्या.
माझं 'बघा' घशातच राहिलं.

आता पुन्हा पित्सो.
मावशींची उकड तळाला लागलीय, वास इथवर येतोय.
खाउहेलो उभी राहिलीय बोलायला
आणि काय बोलायचं तेच विसरलीय.
आम्ही थांबलोय,
एकशे अकरा जण.
घोंगड्यांतून वाफ निघतेय.